आईच्या नावाचा डबा

३ जानेवारी, शुक्रवार

ही डायरी कोर्टातल्या एका वकिलांनी नवीन वर्षाची म्हणून दिली. दर वर्षी मिळते आणि दर वर्षी मी ती धनेशला देते. तो तिच्यात क्रिकेटचे स्कोअर लिहायचा. यंदा द्यायला तो नाही, म्हणून मीच लिहिते आहे. मला लिहायची सवय नाही. भोईवाडा कोर्टात दिवसभर दुसऱ्यांचे कागद लावून ठेवते, तेवढंच.

धनेश माझा धाकटा भाऊ. दिवाळीनंतरच्या आठवड्यात गेला. त्रेचाळीस वर्षांचा होता. तीन वर्षांपूर्वी एका तापानंतर त्याचं हृदय कमजोर झालं. डॉक्टर म्हणाले, पंपिंग कमी आहे, पण गोळ्या घ्या, अळणी जेवा, गाडी चालेल. आणि चालली होती. आई-वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्याच्यासाठी अळणी म्हणून माझ्यासाठीही अळणी. तो छापखान्यात कामाला जात होता, चाळीचे जिने चढत होता.

मग गणपतीनंतर तो दादरला कुठल्याशा वर्गाला जायला लागला. "ताई, पेशींची सफाई चालू आहे," म्हणायचा आणि दिवस दिवस उपाशी राहायचा. तो गेल्यावर त्याच्या कामाच्या बॅगेत गोळ्यांची पाकिटं सापडली. उघडलेलीही नव्हती.

शेवटी शेवटी त्याला आडवं होता येत नव्हतं. खुर्चीत बसून, खिडकीचे गज धरून श्वास घ्यायचा. छातीत पाणी भरलं होतं. तिसऱ्या मजल्यावर, कोरड्या घरात बुडाला माझा भाऊ.

वर्ग घेणाऱ्याचं नाव गौतम टिपणीस. धनेशच्या मोबाइलवर त्याच्या वर्गाचे मेसेज अजून येतात. रविवारी सकाळी वर्ग आहे. मला तो माणूस बघायचा आहे. त्यालाही एकदा असंच गज धरून बसावं लागो. देवाजवळ मी आजपर्यंत कुणाचं वाईट मागितलेलं नाही. हे पहिलंच.

५ जानेवारी, रविवार

जाऊन आले. शिवाजी पार्कामागच्या गल्लीत एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर हॉल आहे. खुर्च्या, फळा, पाण्याचा माठ. नाव विचारलं तेव्हा नुसतं "अपेक्षा, परळहून" म्हटलं. परब म्हटलं असतं तर तो सावध झाला असता.

टिपणीस सत्तरीच्या आसपास असेल. पूर्वी कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवायचा. वर्गाची फी घेत नाही. हे मला आवडलं नाही. चोर असता तर सोपं झालं असतं.

तो म्हणाला, "तंतुकणिका! शाळेत आकृती काढलीत ना? एकेका पेशीत शेकडो असतात. हृदयाच्या पेशीत तर खच्चून भरलेल्या, कारण हृदयाला सुट्टी नाही. त्या म्हणजे पेशीच्या गिरण्या. गिरणी बिघडली की काम कमी आणि विषारी धूर जास्त. तो धूर शेजारच्या गिरण्याही बिघडवतो. मग पेशी काय करते? बिघडलेली गिरणी शोधते, गुंडाळते आणि पचवून टाकते. वय झालं, आजार झाला, की ही सफाई मंदावते. हृदय थकतं. रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजतात, थर साचतो. पोटाला उपास द्या, सफाई सुरू होते. मोडक्या गिरण्या पाडा, नव्या उभ्या राहतील!"

मागून एक म्हातारे उठले. "सर, आमच्या लालबागेत पण असाच सांगलेला. गिरण्यो पाडल्यो, टॉवर झाले. आमका काय गावला?"

सगळा हॉल हसला. टिपणीस सगळ्यात जास्त हसला. "काका, तुमच्या पेशीत बिल्डर नाही, एवढी खात्री देतो."

एका बाईने विचारलं, "उपासात गोळ्यांचं काय करायचं सर?"

"गोळी कचरा झाकते, काढत नाही. मी माझ्या बंद केल्या. सैंधव घातलेलं पाणी पितो, बास. तुमचं तुम्ही ठरवा."

हे मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं. "तुमचं तुम्ही ठरवा." धनेशने याच खुर्च्यांपैकी एकीवर बसून ठरवलं. लोक चप्पल घालत हसत बाहेर पडत होते. मला त्या माठावर डोकं आपटावंसं वाटलं. त्याचं.

८ जानेवारी, बुधवार

ज्युलिएटला भेटले. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. ती आता एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ आहे, तिथे उंदरांच्या हृदयावर काम चालतं. रेकॉर्डिंग ऐकवलं. मला वाटलं ती म्हणेल सगळी थाप आहे.

ती म्हणाली, "अपू, माणूस खोटं नाही बोलत गं. अर्धं बोलतो. ते जास्त डेंजर."

तिने समजावून सांगितलं ते मला कळलं तसं लिहिते. सफाई खरी आहे. उंदरांमध्ये सफाई करणारी यंत्रणा बंद पाडली की त्यांचं हृदय फुगतं, कमजोर होतं. रक्तवाहिनीच्या अस्तरात सफाई अडली तर तिथे सूज आणि चरबीचा थर वाढतो. पण सफाई प्रमाणाबाहेर झाली तर पेशीला चालवायला काही उरतच नाही, पेशी मरते. हार्ट अटॅकच्या वेळी हीच सफाई कधी वाचवते, कधी मारते. कुणाला किती हवी हे अजून कुणालाच सांगता येत नाही. माणसासाठी तसं औषध अजून आलेलं नाही.

"आणि उपास?"

"उपासाने सफाई वाढते असं दिसलंय, पण कमजोर हृदयाच्या माणसाने गोळ्या सोडून उपास करावा असं कुठल्या उंदरानेपण सांगितलेलं नाही." मग माझा हात धरून म्हणाली, "सॉरी. धनेश मला मुद्दाम माझ्या बहिणीच्या नावाने, जेन म्हणून हाक मारून चिडवायचा."

मी विचारलं, पेशीला कळतं कसं, शेकडो गिरण्यांतली नेमकी कुठली बिघडलीय?

"आधी तिच्यावर खूण होते. खूण झाली की गुंडाळणारे येतात. तोपर्यंत कोणी हात लावत नाही."

परत येताना एवढंच डोक्यात राहिलं. आधी खूण. मी तक्रारीचा मसुदा लिहायला घेतला आहे. रोजचंच काम आहे माझं.

१२ जानेवारी, रविवार

आज काहीतरी दिसलं.

टिपणीस चपला घालून आला होता. मागच्या रविवारी बूट होते. घोट्याच्या वर, काढलेल्या मोज्याच्या इलॅस्टिकची खोल खाच उमटलेली होती. फळ्याकडे वळताना खुर्ची धरत होता. वाक्याच्या मध्येच श्वास घेत होता. कोणीतरी खोकल्याचं विचारलं तर म्हणाला, "सफाईचा कफ आहे. झोपताना दोन उशा जास्त लागतात, एवढंच."

मी तीन वर्षं रोज सकाळी धनेशच्या नडगीवर अंगठा दाबून बघत होते. खड्डा राहिला की पाणी वाढलं. दोन उशांच्या तीन कधी झाल्या हेही मला माहीत असायचं. त्यामुळे मला दुसऱ्यांदा बघावं लागलं नाही.

त्यालाही तोच आजार आहे. तोही गोळ्या सोडून बसला आहे. आणि त्याला कळत नाही.

हॉलमध्ये एवढे लोक होते, पण ओळखलं फक्त मी. सांगितलं नाही. घरी येऊन तक्रारीचा मसुदा फाडला. तक्रारीची गरज नाही. मी दर रविवारी जाऊन बसेन आणि बघेन.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. यंदा आमच्याकडे सण नाही. शेजारच्या मुलीने विसरून तिळगूळ पुढे केला, "गोड बोला ताई." तिच्या आईने तिला मागे ओढलं. मी म्हटलं असू दे. घेतला नाही.

१९ जानेवारी, रविवार

नुसतं बघणं पुरत नाही.

आज वर्ग संपल्यावर गप्पा चालल्या होत्या. टिपणीस म्हणाला, उपास सोडताना त्याला दहीभात लागतो आणि सोबत काहीतरी चटकदार. "जीभ काही अजून साफ झालेली नाही," म्हणून हसला.

देवगडची मामी दर उन्हाळ्यात सांडग्या मिरच्या पाठवते. ताकामिठात मुरवलेल्या, उन्हात खडखडीत वाळवलेल्या. धनेशला बंद, म्हणून बरण्याच्या बरण्या माळ्यावर पडून आहेत. मी आज एक डबा भरून नेलाच होता. कसा द्यायचा हा प्रश्न होता, तो त्याने सोडवला.

डबा आईच्या सेटमधला. आईच्या लग्नातले तीन स्टीलचे डबे आहेत, तिन्हींच्या झाकणांवर "सौ. मीरा दौलत परब" असं कोरलेलं. आता दोनच आहेत. एक धनेशने घावणे नेताना कुठेतरी हरवला. त्यावरून मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नव्हते.

टिपणीसने डबा घेतला, झाकण उघडलं नाही. हातात फिरवून बघत राहिला. "घरचा आहे?" म्हणाला. मी हो म्हटलं. मग खाली बसला. ओठ कापत होते. दम लागला असणार. मला वाटलं होतं मला भीती वाटेल. वाटली नाही.

मीठ हे विष नाही. बाजारात मिळतं. ज्याच्या हृदयाला पाणी उपसता येत नाही, त्याला ते काय करतं हे जाणणारीने दिलं, एवढाच फरक.

२६ जानेवारी, रविवार

त्याची बायको आली होती वर्गाला. रोहिणी नाव. केस पूर्ण पांढरे, नीट इस्त्रीची सुती साडी. डबा परत आणला, भरून. नारळाच्या वड्या. भांडं रिकामं परत करत नाहीत हे शिवाजी पार्कातही पाळतात तर.

वयाने माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठी, तरी मला ताई म्हणते. "ताई, तुम्ही डबा पाठवलात. आम्हाला किती बरं वाटलं, कसं सांगू? एवढं मोठं मन लागतं." डोळे पुसले. मूठभर मिरच्यांसाठी डोळे! या लोकांना सौजन्य दाखवायला फार आवडतं.

"आवडल्या का सरांना?"

"रोज खातात. जेवणाआधी डब्याला हात लावतात."

वड्या मी खाल्ल्या नाहीत. सोमवारी ऑफिसात वाटेन.

२ फेब्रुवारी, रविवार

त्याच डब्यातून खारातली लिंबं नेली. टिपणीसने दोन्ही हातांनी घेतली. चेहरा फुगला आहे. रोहिणीबाई त्याला धरून आणते.

आज एक विचित्र झालं. कोणीतरी नवीन माणसाने गोळ्यांचं विचारलं. टिपणीस म्हणाला, "गोळ्या बंद करू नका. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही नाही. मी आधी जे म्हटलं असेल ते सोडून द्या." लोक एकमेकांकडे बघायला लागले. ते लालबागचे म्हातारे म्हणाले, "सर, मागच्या महिन्यात तर तुम्ही उलटा सांगलात." तो म्हणाला, "हो काका. चूक होती." आणि माझ्याकडे बघितलं.

मला वाटतं त्याला तक्रारीचा वास लागला आहे. अंग काढून घेतो आहे. उशीर झाला.

स्वतःच्या गोळ्या मात्र चालू केलेल्या दिसत नाहीत. पाय बघितले की कळतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

ज्युलिएटचा फोन. "तक्रार केलीस?"

"नाही."

"मग दर रविवारी जातेस कशाला तिथे?"

मी कुकरची शिट्टी झाली असं सांगून फोन ठेवला. कुकर लावलेलाच नव्हता.

आज सकाळी पेज केली आणि सवयीने मीठ घातलं नाही. दोन वाट्या काढल्या. धनेश म्हणायचा, "ताई, या पेजेला चव नाही असं नाही, हिला चव म्हणजे काय हेच माहीत नाही." मी एकटी हसले. मग मला त्याच्या छातीचा तो आवाज आठवला आणि शनिवारी मिठातले आवळे आणायचं ठरवलं.

१६ फेब्रुवारी, रविवार, संकष्टी

वर्ग रद्द झाल्याचा मेसेज धनेशच्या मोबाइलवर आला. सरांची तब्येत बरी नाही. माझ्यातलं काहीतरी ताठ उठून बसलं. साध्या प्लॅस्टिकच्या डब्यात आवळे भरून त्याच्या घरीच गेले. पत्ता हॉलमधल्या बाईने दिला. पार्कासमोर, दुसरा मजला.

रोहिणीबाईने दार उघडलं. "ताई! देवासारख्या आलात. या, पाणी देते." मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेले.

खिडकीजवळच्या फळीवर आईचा डबा होता. तिसरा. झाकणाच्या कडेला पोचा आहे, तो मी सातवीत असताना माझ्या हातून पडला तेव्हाचा.

मी बोट दाखवलं असणार, कारण ती म्हणाली, "हो, तो इथेच राहिला बघा. धनेश पहिल्यांदा घरी आला तेव्हा घावणे आणले होते त्यातून. अळणी! हे म्हणाले, अरे मीठ विसरलास काय? तर म्हणतो, सर, आमच्या घरात मिठाला तडीपार केलंय. माझी ताई अर्धी डॉक्टर, अर्धी पोलीस." ती हसली. "मग मी त्याला वाटीत चिमूटभर मीठ द्यायची. म्हणायचा, काकू, ज्ञानासाठी सरांकडे आणि मिठासाठी तुमच्याकडे."

मी झाकणावरच्या आईच्या नावावरून बोट फिरवलं.

"तो गेल्याचं कळलं, पण तुमच्याकडे यायचं आमचं धाडस झालं नाही. डबा तर परत द्यायला हवा. रिकामा कसा द्यायचा? आणि गेलेल्या माणसाच्या डब्यात काय घालून द्यायचं, ते मला सुचेना. रोज पुसून ठेवायची. तेवढ्यात तुम्ही यांना तो दुसरा डबा दिलात. तेच नाव. हे घरी येऊन रडले हो. म्हणाले, रोहिणी, धनेशची ताई आहे ती. नाव सांगितलं नाही, पण आईच्या नावाचा डबा दिला. माफ केलं तिने मला. तेव्हापासून रोज दोन मिरच्या तळून घेतात. प्रसादासारख्या. मी म्हटलं खोकला आहे, नका खाऊ, तर ऐकत नाहीत."

बाहेरच्या खोलीत टिपणीस खिडकीपाशी खुर्चीत होता. पाठीला उशा. एका हाताने गज धरला होता.

दीड महिना मी जे मागत होते ते जसंच्या तसं समोर होतं.

"बसा," तो म्हणाला. तुटक तुटक बोलत होता. "त्याने मला विचारलं होतं. सर, गोळ्या बंद करू का? मी म्हटलं, मी केल्यात. एवढंच म्हटलं. पण तो माझं ऐकतो हे मला ठाऊक होतं." श्वास घेतला. "तुम्ही माफ केलंत. आता काही झालं तरी चालेल."

मी आवळ्यांचा डबा टेबलावर ठेवला, येते म्हटलं आणि जिना उतरले.

फाटकापाशी उभी राहिले. पार्कात पोरं नेटमध्ये खेळत होती, म्हातारे फेऱ्या मारत होते. मला इतका राग आयुष्यात आला नव्हता. धनेश गेला तेव्हाही नाही. माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं मी त्या डब्यात भरून दिलं आणि या दोघांनी ते प्रसाद म्हणून खाल्लं. आता तो असाच बसल्या बसल्या जाईल आणि शांतपणे जाईल. माफी मिळालेला माणूस म्हणून जाईल. माझ्या भावाला जे मिळालं नाही ते मी याला माझ्या हाताने भरवलं.

मी परत वर गेले. दया आली म्हणून नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते.

दार उघडंच होतं. मी उभ्यानेच बोलले. "ती माफी नव्हती. तुमच्या पायांची सूज मी जानेवारीतच ओळखली होती. धनेशला तशीच होती. अशा सुजेवर मीठ खाल्लं की काय होतं हे मला चांगलं माहीत आहे. माहीत असूनच मी मिरच्या आणल्या, लिंबं आणली. या डब्यातही मिठातले आवळे आहेत. तुम्ही त्याच्यासारखेच जावेत म्हणून."

रोहिणीबाईच्या हातात चहाचा कप होता. तो तिने हळूच खाली ठेवला.

टिपणीस माझ्याकडे बघत राहिला. मग हसायला लागला, हसण्याचा खोकला झाला. "जन्मभर बायोकेमिस्ट्री शिकवली," तो म्हणाला. "आणि मिठाला प्रसाद समजलो." खोकला थांबल्यावर म्हणाला, "मग आता कशाला सांगितलंत? थोडंच राहिलं होतं."

"तुम्ही माफ होऊन मरू नये म्हणून. उठा. शर्ट घाला."

"आणि पुढे?"

"पुढे बरे व्हा. त्या हॉलमध्ये उभे राहा आणि माझ्या भावाचं नाव घ्या. तो कशाने गेला ते सगळ्यांसमोर सांगा. तोपर्यंत तुम्हाला जायची परवानगी नाही."

टॅक्सी मी बोलावली. जिना उतरताना एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने तिने. हॉस्पिटलमध्ये त्याच्या कुठल्या गोळ्या बंद होत्या हे तिला सांगता येईना. मी नावं सांगत गेले, ती हो हो म्हणत गेली. सगळ्या धनेशच्याच होत्या.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

ऑक्सिजन चालू आहे. इंजेक्शनने पाणी उतरतं आहे. डॉक्टर म्हणाले आणखी दोन दिवस गेले असते तर सांगता आलं नसतं.

मी कोर्ट सुटल्यावर गेले. रोहिणीबाई वॉर्डाच्या बाहेर बाकावर होती. माझ्याकडे बघितलं नाही. पिशवीतून आईचे दोन्ही डबे काढून माझ्या हातात दिले. धुतलेले, पुसलेले. रिकामे.

आमच्या आईचा डबा रिकामा परत आला असं कधी झालेलं नाही. कानशिलं तापली. मग घरी चालत येताना वाटलं, ठीक केलं तिने. वड्यांपेक्षा हे खरं आहे.

ज्युलिएटला सगळं सांगितलं. तिने फोनवर सगळं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाली, "अपू, खूण कधी चुकत नाही असं मी तुला म्हटलं होतं का गं?"

मी म्हटलं, खूण बरोबरच होती. गुंडाळायला मी जायला नको होतं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सकाळी पेज केली. तिन्ही डबे ओट्यावर ओळीने ठेवले होते. पोचा पडलेल्या डब्यात भरली.

टिपणीस बसते झाले आहेत. नाकाची नळी काढली आहे. पाय उतरले आहेत, बोटं वेगवेगळी दिसतात. मला बघून म्हणाले, "पोलीस आले." मी हसले नाही. मार्चमध्ये हॉलमध्ये खुर्चीत बसून बोलेन म्हणाले, उभं राहायला जमणार नाही. मी म्हटलं खुर्ची चालेल. मी पहिल्या रांगेत बसणार आहे. ते नाव घेताना आवाज चाचरला तर पुन्हा घ्यायला लावीन.

मी डबा रोहिणीबाईपुढे ठेवला. ती बराच वेळ त्याला हात लावेना. मग झाकण उघडलं. वाफ अजून होती. तिने चमचा घेतला, टोकावर थोडी पेज घेतली आणि माझ्या डोळ्यांत बघत आधी स्वतः जिभेला लावली. थांबली. पुन्हा एकदा लावली.

मी तिच्या जागी असते तर हेच केलं असतं.

मग ती पलंगाच्या कडेला बसली आणि त्यांना भरवायला लागली. पहिल्या चमच्याला त्यांनी तोंड वाकडं केलं. धनेश करायचा तसंच.

निघताना मी डब्यासाठी थांबले. तिने तो विसळला, झाकण लावलं आणि आपल्या पिशवीत ठेवला.  मी तो मागितला नाही.